‘वॉटर’ची जात कोणती? सहावीच्या पेपरातला अर्धा मार्क

वहीचं_पान (धागाकर्ती)
लेक सहावीत, सेमी इंग्रजीला. परवा चाचणीचा पेपर घरी आला. प्रश्न: ‘पुढील शब्दांची जात लिहा’, प्रत्येकी अर्धा मार्क. खाली चार शब्द: राउंड, फास्ट, वॉटर, डाऊन. वाक्य नाही, काही नाही. लेकीनं ‘वॉटर’पुढे क्रियापद लिहिलं, कारण आदल्या संध्याकाळीच ‘वॉटर द प्लांट्स’ म्हणत आम्ही बाल्कनीतल्या तुळशीला पाणी घातलं होतं. बाईंनी लाल फुली मारून शेजारी ‘नाम’ लिहिलंय.

माझ्या मते उत्तर नाही, प्रश्नच चुकलाय. ‘राउंड’ घ्या. राउंड टेबल म्हटलं की विशेषण. डॉक्टर राउंडला आले की नाम. ‘द कार राउंडेड द कॉर्नर’मध्ये क्रियापद. ‘ही टर्न्ड राउंड’मध्ये क्रियाविशेषण. शेकोटीभोवती बसलो, ‘वी सॅट राउंड द फायर’, तर शब्दयोगी. पाच कामं करणाऱ्या शब्दाला वाक्याबाहेर काढून जात विचारायची म्हणजे रिकाम्या खुर्चीला हुद्दा विचारण्यासारखं आहे. तुम्हाला काय वाटतं?

चष्मेवाल्या_बाई
अठ्ठावीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेय, म्हणून त्या बाईंच्या बाजूनं बोलते. पन्नास-पंचावन्न पोरांच्या वर्गात सुरुवात कुठून तरी करावी लागते. ‘वॉटर’ म्हणजे आधी पाणी, मग पाणी घालणं. पोरांना पहिल्याच दिवशी ‘कुठलाही शब्द काहीही होतो’ म्हणून सांगा आणि मग वह्या तपासायला बसा. ‘डोन्ट अँग्री मी’ मी इतक्या वेळा खोडलंय की लाल पेन संपली असतील. ‘अँगर’ नाम आहे, क्रियापदही होतं. ‘अँग्री’ होत नाही. ‘आय फर्निचर्ड माय रूम’ही चालत नाही, तिथे ‘फर्निश्ड’च लागतं. मोकळीक आहे, पण ती कोणत्या शब्दाला आहे हे पाठच करावं लागतं. आणि पाठ करायचं तर आधी खण हवेत.

तिरकस
बाई, खण हवेत हे मान्य. पण एका खणात पाच साड्या कोंबून वर ‘नाम’ची चिठ्ठी?

शब्दवेडा
ही मोकळीक कुठून आली ते सांगतो, लांबलं तर माफ करा. जुन्या इंग्रजीत प्रेम म्हणजे ‘लुफू’ आणि प्रेम करणे म्हणजे ‘लुफियन’. शेपटीवरून नाम की क्रियापद ते कळायचं, आपल्याकडे ‘-णे’वरून कळतं तसं. पुढच्या काही शतकांत शेपट्या झिजल्या आणि दोन्हीकडे ‘लव्ह’च उरलं. अशा जोड्या ढिगानं तयार झाल्यावर लोकांना सवय लागली: नाम उचला, क्रियापदाच्या जागी ठेवा, झालं.

त्यावर कुरकुरही जुनीच. बेंजामिन फ्रँकलिननं १७८९ मध्ये, वयाच्या ८३ व्या वर्षी, कोशकार नोआ वेब्स्टरला पत्र लिहून तक्रार केली होती की ‘नोटिस’, ‘ॲडव्होकेट’, ‘प्रोग्रेस’ या नामांची लोक क्रियापदं करताहेत. त्यातलं ‘प्रोग्रेस’ त्याला सगळ्यांत ओंगळ वाटलं. आज ही तिन्ही क्रियापदं कुणाच्या डोळ्यांत खुपत नाहीत. तेव्हा धागाकर्तीशी सहमत. जागा हीच जात. मराठीला मात्र हे जमणार नाही, आपली शेपटी शाबूत आहे.

डॅलसकर
‘जागा हीच जात’ अर्धंच खरं आहे. वीस वर्षं अमेरिकेत आहे, मुलापायी बेसबॉल बघावं लागतं. तिथे उंच उडालेल्या चेंडूला ‘फ्लाय’ म्हणतात. तो झेलला गेला की फलंदाज ‘फ्लाइड आउट’ होतो. ‘फ्ल्यू आउट’ नाही! ‘फ्लाय’चा भूतकाळ ‘फ्ल्यू’ हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं, तरी समालोचक ‘फ्लाइड’च म्हणतो. का? कारण हे क्रियापद ‘फ्लाय’ या नामावरून बनलंय. म्हणजे शब्द जागा बदलतो, पण आपण कुठून आलो ते विसरत नाही. मूळ जात असते आणि ती भूतकाळात डोकं वर काढते. बाईंचे खण अगदीच हवेत नाहीत.

शब्दवेडा
हे आवडलं. ‘रिंग’चं उदाहरण (फोन ‘रँग’, पोलिसांनी इमारत ‘रिंग्ड’) देऊन हेच सांगणारे खूप भेटतात, पण ते दोन मुळातच वेगळे शब्द आहेत. ‘फ्लाय’ला तशी पळवाट नाही. इथे हरलो.

वहीचं_पान
पण डॅलसकर, ते ‘फ्लाइड’ तुम्हाला वाक्यातच ऐकू आलं ना? नुसतं ‘फ्लाय’ लिहून दिलं असतं तर? माशी म्हणाला असतात.

हेडफोन_कानात
दोन वर्षं कॉल सेंटरला होतो. ट्रेनरनं ‘रेकॉर्ड’ घोकून घेतलं होतं: नाम असेल तर जोर पहिल्या तुकड्यावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. तोंडी परीक्षा घ्या, निम्मे वाद मिटतील. (‘वॉटर’चा नाही मिटणार.)

कोकणकडा
‘मराठीला जमणार नाही’ हे काय, शब्दवेडा? ‘तो खाली गेला’ क्रियाविशेषण, ‘टेबलाखाली गेला’ शब्दयोगी. ‘गोड आंबा’ विशेषण, ‘जेवणात गोड काय आहे?’ नाम. ‘तो चांगला खेळतो’मधलं ‘चांगला’ क्रियाविशेषण म्हणावं, तर ‘ती चांगली खेळते’ म्हटल्यावर ते लिंग का बदलतं? अव्ययानं बदलायचं नसतं म्हणतात! आणि इथेच दिवसाला दहा जण ‘गुगलून बघा’ लिहितात. गुगलून! नामाला थेट ‘-ऊन’.

शब्दवेडा
‘गुगलून’मध्ये शेपटी लागलीच की. माझाच मुद्दा. बाकी बहुतेक इंग्रजी शब्द आपण नाम म्हणून घेतो आणि पुढे ‘करणे’ जोडतो: फॉरवर्ड कर, सेव्ह कर, लाइक कर. तिकडचं क्रियापदसुद्धा आपल्याकडे हमालासारखं ‘करणे’च्या खांद्यावरून येतं. ‘खाली’, ‘गोड’ आणि ‘चांगला’वर मात्र गप्प बसतो.

चष्मेवाल्या_बाई
वहीचं_पान, एक विचारते. लेकीनं ‘वॉटर’ क्रियापद लिहिलं, ठीक. ‘फास्ट’पुढे काय लिहिलं?

वहीचं_पान
नाम. चतुर्थीचा उपास म्हणून.

चष्मेवाल्या_बाई
त्यालाही फुली?

वहीचं_पान
हो. शेजारी ‘विशेषण’.

चष्मेवाल्या_बाई
मी असते तर त्याला अर्धा मार्क दिला असता. ‘वॉटर’ला अजूनही नाही.

तिरकस
बाईंचा एक खण हलला. नोंद घ्यावी.

वहीचं_पान
शनिवारी पालकसभा आहे. पेपर पिशवीत टाकून ठेवलाय. लेक म्हणते, आई, प्लीज काही बोलू नकोस.