14 एप्रिलचा बोर्ड आणि बी विंगचा जिना

देशपांडे काका (ए-301): सोसायटीच्या बोर्डावर दिनविशेष कोणी लिहिलाय? '14 एप्रिल : बोरीबंदर–ठाणे पहिली रेल्वे.' ती 16 एप्रिल 1853, दुपारी 3.35. गेल्या वर्षीही हेच झालं होतं.

सावंत (बी-602): दोन दिवस आधी सुटली? मध्य रेल्वेकडून आजवर असं घडलेलं नाही 😄

कांबळे (सी-104): 14 ला सकाळी 9 वाजता बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार. तेवढं तरी बरोबर लिहिलंय ना?

सेक्रेटरी: हो, सगळ्यात वर. मग 11 ला फायर ड्रिल.

शहाभाभी (बी-203): सुट्टीच्या दिवशी कशाला ड्रिल?

देशपांडे काका: वहिनी, 14 एप्रिल 1944, मुंबईचा व्हिक्टोरिया डॉक. 'फोर्ट स्टिकीन' बोटीत सुमारे 1,400 टन स्फोटकं, आणि त्याच बोटीत कराचीहून चढवलेल्या कापसाच्या 8,700 गाठी. सोन्याच्या विटा वेगळ्या. 4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाने दुसरा. आग विझवायला गेलेले 66 जवान गेले. त्यांच्यासाठीच हा अग्निशमन सेवा दिन.

नाईक (ए-504): बी विंग, तिसरा मजला, जिन्यातलं चपलांचं कपाट काढा 🙏

सावंत: विटा सापडल्या का सगळ्या? खड्डा खणायला तयार आहे.

गोखले (सी-701): पाणी कमी नव्हतं हो, 900 टनांवर मारलं. पण दाबलेली गाठ आतून धुमसते, पाणी आत जात नाही. नुसता धूर दिसतो आणि माणसं वेळ घालवतात. मीटर रूममधल्या रद्दीच्या गठ्ठ्यांचंही तेच. आणि विजेच्या आगीवर पाणी मारायचं नाही, आधी मेन स्विच बंद.

शहाभाभी: रद्दी आमची एकट्याची नाही. नावं घेऊन बोला.

गोखले: नाव घेतलेलं नाही. ड्रिलआधी एवढं बघा : फायर पंपाचा सिलेक्टर 'ऑटो'वर हवा. जॉकी पंप (लाइनमधला दाब टिकवणारा छोटा पंप) सारखा चालू होतो म्हणून वॉचमन बंद करतो, पण तो चालू होतो कारण लाइन गळते. गळती काढा. आग विझवायच्या पावडरच्या सिलिंडरचा दाबाचा काटा हिरव्यात आहे म्हणून खूश होऊ नका, पावडर खाली बसून दगड होते. महिन्यातून एकदा उलटा करून हलवा.

नाईक: बी विंग, तिसरा मजला, चपलांचं कपाट 🙏

राणे (बी-303): नाईकसाहेब, वाचलं. तुमच्या मजल्यावर होज बॉक्समध्ये (आगीच्या पाइपाच्या पेटीत) नोझलऐवजी झाडू आहे, तोही वाचा.

सेक्रेटरी: राणे, नाईक, प्लीज. फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा एजन्सीचा दाखला, जानेवारी आणि जुलै, दोनदा द्यावा लागतो. एजन्सीवाला नोझल मोजतो, झाडू नाही.

देशपांडे काका: बोर्ड अजून पुसलेला नाही. 16 एप्रिल.

सेक्रेटरी: पुसतो काका. गेटजवळच्या फायर इनलेटसमोर निळी स्कूटर कोणाची? बंबाचा पाइप तिथेच जोडतात. 11 च्या आत हलवा.

सावंत: काकांची आहे.