‘हरवले आहेत’च्या पोस्ट : मंडळाच्या पानासाठी नियम सुचवा (महिना 1500 रुपयांत)

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. मिरजेत आमच्या मंडळाचं फेसबुक पान आहे, शिवाय गल्लीगल्लीचे व्हॉट्सॲप ग्रुप. ‘आजोबा सकाळपासून घरी आले नाहीत, शेअर करा’ अशा पोस्ट सारख्या येतात. कुठली घ्यायची, कुठली नाही, माणूस सापडल्यावर काय करायचं, याचे लेखी नियम करायचे आहेत. सांभाळायला दोघंच आहोत आणि खर्च महिन्याला 1500 च्या आत. पोस्टमध्ये नेमकं काय लिहायचं? नंबर कुणाचा द्यायचा? लहान मुलांचं काय करायचं?

निवृत्त_हवालदार
ठाण्यात नोंद नाही तर पोस्ट नाही, हा पहिला नियम. ठाण्याचं नाव, मिसिंगचा (माणूस हरवल्याच्या नोंदीचा) नंबर, तारीख हे सगळं फोटोवरच आलं पाहिजे. ‘24 तास थांबा’ असं कुठल्याही कायद्यात नाही, कुणी तसं सांगून परत पाठवलं तर 112 ला फोन करा. सज्ञान माणसाची मिसिंग दाखल होते. 18 वर्षांखालचं मूल असेल तर थेट अपहरणाचा गुन्हा नोंदवायचा असतो, भारतीय न्याय संहिता कलम 137(2). हद्दीवरून टोलवाटोलवी झाली तर गुन्हा शून्य क्रमांकाने (झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता) घ्यायला सांगा, नंतर तो योग्य ठाण्याकडे वर्ग होतो.

नंबर द्यायचा तो ठाण्याचा. घरच्यांचा कदापि नको.

रातराणी
1500 मध्ये काहीही होत नाही हो. निदान पाच हजारांचं बूस्ट मारा, म्हणजे फेसबुकला पैसे देऊन पोस्ट जास्त लोकांना दाखवा, एसटी स्टँडसमोर मोठा फ्लेक्स लावा आणि घरच्यांना घसघशीत बक्षीस जाहीर करायला सांगा. बक्षिसाशिवाय आजकाल कोणी मान वर करून बघत नाही.

बाभूळवन
बक्षिसाला माझा ठाम विरोध. रक्कम आणि घरचा नंबर एकत्र दिसले की फसवणारे फोन सुरू होतात. ‘तुमचे वडील आमच्याकडे दवाखान्यात आहेत, रुग्णवाहिकेचं भाडं आधी यूपीआयवर टाका’ ही ठरलेली पद्धत. त्यावर उपाय दोन. एक, अंगावरची एक खूण पोस्टमध्ये मुद्दाम लिहायची नाही, ती फक्त घरच्यांना आणि तपासी अंमलदाराला माहीत असावी. फोन आला की तीच विचारायची. दोन, व्हिडिओ कॉलवर माणूस दाखवल्याशिवाय एक रुपयाही पाठवायचा नाही. पैसे गेलेच तर लगेच 1930, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

बूस्टचंही तसंच. जाहिरात आधी तपासणीला जाते आणि त्यात बराच वेळ मोडू शकतो. पहिले काही तासच मोलाचे असतात, तेच हातचे जातात.

डीटीपी_मास्तर
फ्लेक्स छापून लागेपर्यंत माणूस तीन जिल्हे ओलांडतो. त्यापेक्षा एक साचा तयार ठेवा, 1080 बाय 1350 पिक्सेलचा. वरच्या अर्ध्या भागात चेहरा. फोटो अलीकडचा हवा, गॉगल-टोपीशिवायचा, लग्नाच्या ग्रुपमधून कापून मोठा केलेला नको. एआयने ‘स्वच्छ’ केलेला तर अजिबात नको. ते ॲप पुसट जागी स्वतःच्या मनाने नाक-डोळे भरतं आणि चेहराच बदलतो.

खाली नाव, वय, फूट-इंचात उंची, बांधा, कोणती भाषा बोलतात, अंगावरचे कपडे, शेवटचं कुठे आणि किती वाजता दिसले. तारीख वर्षासकट, ठळक. फॉरवर्ड होताना फोटोखालचा मजकूर गळून पडतो आणि चित्र तेवढं फिरत राहतं. वर्ष नसलेली पोस्ट माणूस घरी येऊन जेवला तरी फिरतच असते.

ॲडमिनना चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सॲप त्याचा दर्जा कमी करतं. आणि ए-फोर झेरॉक्स काढण्याआधी एक प्रत बघून घ्या, काळ्या-पांढऱ्यात सावळे चेहरे पार काळवंडतात. उजेड वाढवून मगच गठ्ठा काढायचा.

वकिलीणबाई
मुलांबाबत इथे कुणी नीट बोललेलं नाही. बालन्याय अधिनियम 2015 च्या कलम 74 प्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो उघड करणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हरवलेलं मूल याच व्याख्येत बसतं. म्हणून मुलांसाठी स्वतःचा साचा वापरूच नका. पोलिसांनी काढलेलं पत्रक जसंच्या तसं शेअर करा, त्यात शाळेचं नाव-पत्ता वाढवू नका, मूल सापडलं त्याच दिवशी काढून टाका. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पोक्सो कलम 23 आणखी कडक आहे.

उलट प्रकार जास्त धोक्याचा. ‘हे बाळ स्टँडवर सापडलंय, कुणाचं आहे?’ असा फोटो कधीच टाकायचा नाही. कुणीही येऊन ‘माझं’ म्हणू शकतं. 1098 (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा 112 ला फोन करायचा. एकटं मूल सापडलं तर 24 तासांत कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, पुढे बालकल्याण समिती बघते.

रातराणी
म्हणजे मुलासाठी जीव तुटतोय आणि कायदा म्हणतो गप्प बसा?

वकिलीणबाई
गप्प बसा असं नाही. पोलिसांचं पत्रक जितकं पसरवाल तितकं चांगलं. फक्त ते त्यांचं असू द्या.

निवृत्त_हवालदार
वर म्हटलं तेच पुन्हा : नोंद, नंबर, तारीख. नोंदीचा आग्रह का ते सांगतो. मारहाणीला कंटाळून बाई घर सोडते आणि ‘पत्नी हरवली आहे’ म्हणून पोस्ट नवराच टाकतो. पोस्ट शेअर करणारे शेकडो लोक नकळत त्याच्यासाठी तिचा माग काढतात. नोंद असेल तर तपासात ती पोलिसांना भेटते, जबाब देते, आणि सज्ञान असल्याने पत्ता कळू द्यायचा की नाही ते तीच ठरवते. अशा वेळी ‘सुखरूप आहे’ एवढंच लिहा. कुठे, कुणासोबत, का गेली, काही नाही.

बाभूळवन
हवालदारसाहेबांशी शंभर टक्के सहमत. नोंद असली तरी ‘संशयित’ हा शब्द, गाडीचा नंबर, अनोळखी माणसांचे फोटो पानावर येता कामा नयेत. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. मंगळवेढा भागातली, भिक्षा मागून पोट भरणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती. अफवा मोबाइलवरूनच पसरली होती. कमेंटमध्ये ‘काल इथे दोन बायका फिरत होत्या’ दिसलं की त्या मिनिटाला काढायचं. दोघांना ते रात्रंदिवस जमणार नाही, म्हणून कमेंट बंदच ठेवा.

स्वयंसेवक_मिरज
ज्येष्ठांचं कुणीच बोललं नाही. मिरज जंक्शनवरून गाडी एकीकडे पुण्याला जाते, एकीकडे बेळगावला, एकीकडे कोल्हापूरला, एकीकडे पंढरपूरमार्गे कुर्डुवाडीला. विसराळूपणा असलेली माणसं कुठल्याही डब्यात चढून बसतात. म्हणून मजकूर मराठीबरोबर कन्नडमध्येही करा. पोस्टच्या आधी लोहमार्ग पोलीस, रेल्वेचा 139, सरकारी दवाखान्याचा अपघात विभाग. तिथे नाव विचारू नका, आज ‘अनोळखी’ म्हणून कोण दाखल झालंय ते विचारा. जुनं घर, जुनी गिरणी, नेहमीचं देऊळ हेही बघा.

सीसीटीव्हीसाठी दुकानदारांना पहिल्याच दिवशी विनंती करा. डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) भरला की जुन्यावर नवं चढतं.

‘वेडसर’, ‘मनोरुग्ण’ लिहू नका. ‘बोलताना गोंधळतात, घाबरवू नका, जवळ बसवून पाणी द्या आणि ठाण्यात कळवा’ असं लिहा. वाचणाऱ्याला काय करायचं ते कळतं आणि त्या माणसाला उद्या त्याच गावात राहायचं असतं.

डीटीपी_मास्तर
सापडल्यावर पोस्ट नुसती उडवू नका. मूळ पोस्टमधला फोटो बदलून फोटोशिवायचं ‘सापडले, शेअर थांबवा’ टाका, म्हणजे पानावरून शेअर केलेल्यांनाही तेच दिसेल. आठवड्याने तीही काढा.

रातराणी
तरी फ्लेक्स लावाच.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. घरी चर्चा करून ठरवलं ते लिहितो, पटणार नाही बऱ्याच जणांना.

फेसबुक पानावर हरवलेल्यांची पोस्ट टाकणारच नाही. कमेंट बंद ठेवल्या तरी स्क्रीनशॉट निघतात आणि दोघांना इनबॉक्स झेपणार नाही. फक्त व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन, त्यांना डॉक्युमेंट, मराठी-कन्नड. पैसे सगळे झेरॉक्सवर : स्टँड, जंक्शन, रिक्षा थांबे, दवाखान्यांचे सूचनाफलक. मुलांचं फक्त पोलिसांचं पत्रक. बक्षीस नाही, फ्लेक्स नाही.

डीटीपी_मास्तर
व्हॉट्सॲपवर गेलेलं परत ओढता येत नाही, पान त्याहून बरं होतं. पण ठरलंच असेल तर चित्रावर एक ओळ वाढवा : ‘या तारखेनंतर फॉरवर्ड करू नका’, आणि तारीख सात दिवसांनंतरची.

कृष्णाकाठ
घेतली. कागदावरही तीच तारीख छापतो, म्हणजे ती उलटली की कागद काढायला चिकटवणाऱ्या मुलांनाच पाठवता येईल.

स्वयंसेवक_मिरज
जंक्शनवर चिकटवण्याआधी स्टेशन मास्तरांची परवानगी घ्या, नाहीतर संध्याकाळपर्यंत फाडतात. कन्नड मजकूर मी तपासून देईन, साचा झाला की पाठवा.