अनुभव धागा: उद्या जीवघेणी साथ आली तर आपल्या तालुक्याचा दवाखाना तयार आहे का?

केरळात निपाह विषाणू पुन्हा पुन्हा डोकं वर काढतोय. 2018 साली तिथं 17 माणसं गेली, त्यात रुग्णाची सेवा करणारी एक नर्सही होती. या आजारात शंभरातले 40 ते 75 दगावतात आणि त्यावर अजून खास औषध नाही. आपल्याकडं मराठवाड्यात संभाजीनगरचं घाटी रुग्णालय आहे, अंबाजोगाई, लातूर, नांदेडची मेडिकल कॉलेजं आहेत. पण पेशंट आधी जातो तो ग्रामीण रुग्णालयात, नाहीतर पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात. तिथलं लिहा. दवाखान्याचं आणि माणसांचं नाव घालू नका. मी आमच्या रुग्ण कल्याण समितीवर आहे, इथलं सगळं बैठकीत मांडणार आहे.

स्टाफ नर्स, परभणी जिल्हा
सगळे विचारतात, अंगभर घालायची पीपीई किट आहेत का? किट आहेत. प्रश्न ते काढायचा आहे. घालताना माणूस ताजा असतो, काढताना घामानं निथळत असतो, गॉगलवर वाफ धरलेली असते, कधी एकदा मोकळं होते असं झालेलं असतं. लागण तिथंच होते. आधी वरचे हातमोजे, मग हात स्वच्छ, मग गाऊन आतली बाजू बाहेर करत गुंडाळायचा, गॉगल मागच्या पट्ट्याला धरून, मास्क सगळ्यात शेवटी आणि खोलीबाहेर आल्यावर. दर पायरीला हात धुवायचे. समोर दुसरी सिस्टर उभी राहून एकेक पायरी मोठ्यानं सांगत असेल तरच हे नीट होतं. कोविडमध्ये आमची किट काढायची जागा म्हणजे चादरी ठेवायची खोली होती, आत जायला आणि बाहेर यायला एकच दार. ती आजही तशीच आहे. त्यानंतर कंत्राटावर आलेल्या मुलींनी किट अंगात एकदाही घातलेलं नाही. मला त्यांची फार काळजी वाटते.

निवृत्त शिक्षक, बीड तालुका
1994 चा प्लेग आमच्या तालुक्यातल्या मामला गावात आला होता, हे आजच्या पोरांना माहीत नाही. किल्लारीच्या भूकंपाला वर्षही झालं नव्हतं. गावात पिसवा लई झाल्यात, ही तक्रार लोकांनी ऑगस्टमध्येच केली होती. जांघेत, काखेत गाठी येऊन ताप यायला लागला तो सप्टेंबरात. मग गाड्या आल्या, फवारणी झाली, घरोघर टेट्रासायक्लिनच्या गोळ्या वाटल्या. त्याच महिन्यात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग झाला, माणसं दगावली आणि लाखो लोक शहर सोडून निघाले. आमच्या भागातल्या कितीतरी घरांत धाकधूक होती, कारण पोरं तिकडं कामाला. माझं म्हणणं एवढंच, की साथीची पहिली खबर गावातल्या माणसालाच लागते. ती लिहून घेणारं, वर कळवणारं कुणी तरी दवाखान्यात पाहिजे.

आशा कार्यकर्ती, केज तालुका
सरांचं अगदी बरोबर. आमच्याकडं पट्टा पडला, म्हणजे साखर कारखान्याचा हंगाम संपला, की ऊसतोडीची माणसं एकदमच परत येतात, कोल्हापूर-सांगलीकडून, कर्नाटकातून. तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन बाई खिडकीवर जाते. तिथं नाव, वय, गाव विचारतात. गाव म्हणजे आपलंच गाव! कुठून आलात, तिकडं कोण आजारी होतं का, हे विचारीत नाहीत. मला माहीत असतं, पण माझ्याजवळचं डॉक्टरपर्यंत जायला कागद नाही.

वैद्यकीय अधिकारी, नांदेड जिल्हा
ताईंनी नेमकी दुखरी जागा दाखवली. 2014 मध्ये अमेरिकेत डॅलसला हेच झालं. लायबेरियाहून आलेल्या माणसानं आपण आफ्रिकेतून आल्याचं नर्सला सांगितलं होतं, तरी त्याला तपासून घरी पाठवलं. तो दोन-तीन दिवसांनी परत आला तेव्हा इबोला निघाला. पुढं त्याची शुश्रूषा करणाऱ्या दोन नर्सना लागण झाली. तिथं यंत्रांची कमी नव्हती. आपला नमुना तर पुण्याला एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेत जाणार, निकाल येईपर्यंत पेशंट आपल्याच वॉर्डात. म्हणून संशय आल्याबरोबर वेगळी खोली, वेगळा संडास आणि ठरलेले दोनच कर्मचारी, एवढं तरी आधी ठरवून ठेवलं पाहिजे.

इलेक्ट्रिशियन, हिंगोली
कोविडात बसवलेले ऑक्सिजन प्लांट कोण चालवायलंय, ते आधी बघा. हवेतला नायट्रोजन झिओलाइटनं धरून ठेवायचा आणि साधारण 93 टक्के ऑक्सिजन पुढं सोडायचा, असं ते काम आहे. बंद ठेवला की ओल धरतो आणि झिओलाइट खराब होतं. फिल्टर बदलावे लागतात. लाईट गेली की कॉम्प्रेसर थांबतो, तेव्हा जनरेटरमधी डिझेल पाहिजे. मी पाहिलेल्या एका प्लांटच्या शेडला कुलूप होतं, चावी कुणाकडं ते सांगता येईना.

108 चा चालक, धाराशिव जिल्हा
गाडी धुवायला पाणी लागतं. मे महिन्यात दवाखान्यालाच टँकर येतो, तिथं आम्ही गाडी कुठं धुवावी? 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे सगळ्यांनी बघितलंय. हात धुवा, फरशी पुसा, चादरी क्लोरीनमध्ये भिजवा, सगळ्याला पाणीच पाहिजे. साथीसाठी वेगळी टाकी राखून ठेवा.

सफाई कामगार मावशींची मुलगी, जालना
आई ठेकेदाराकडं आहे. वॉर्डातलं रक्त, उलट्या, सुया सगळं तीच उचलते. सिस्टरांची ट्रेनिंग झाली तेव्हा आईला बाहेर बसवलं होतं. पुढच्या ट्रेनिंगला तिला आत बसवा, आणि मराठीत सांगा.

औषधनिर्माता, औसा
केसपेपरवर ‘गेल्या 21 दिवसांत कुठं होता? जवळचं कोणी आजारी?’ असा शिक्का मारता येईल. नवा फॉर्म छापून यायची वाट कशाला बघायची? शिक्का गावातच बनतो.

धागाकर्ती
शिक्क्याचा विषय या बैठकीत घेते. किट काढायच्या खोलीला दुसरं दार, पाण्याची टाकी आणि मावशींची ट्रेनिंग हेही लेखी देते. परभणीच्या सिस्टर, पायऱ्या क्रमानं लिहून द्याल का? मोठ्या अक्षरात छापून भिंतीला लावू.