‘मायग्रंट मदर’च्या कोपऱ्यातला अंगठा

प्रश्न
अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँगचा ‘मायग्रंट मदर’ (स्थलांतरित मजूर आई) हा फोटो बहुतेकांनी पाहिलाय. मार्च १९३६, कॅलिफोर्नियातलं निपोमो, वाटाणा तोडायला आलेल्या मजुरांचा तळ. थंडीने पीक गेलं, म्हणून हाताला काम नाही. काल लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहातली मोठी फाइल उघडली, तर खाली उजव्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेल्या अंगठ्याची पुसट खूण दिसली. म्हणजे निगेटिव्हवर हात फिरवलाय. मग याला डॉक्युमेंटरी, म्हणजे जसं होतं तसं दाखवणारा फोटो, कसं म्हणायचं?

प्रतिसाद १
तो अंगठा लँगनेच नंतर पुसून घेतला. लँग ज्या सरकारी विभागासाठी फोटो काढत होती, त्याचा प्रमुख रॉय स्ट्रायकर. त्याला ते अजिबात आवडलं नव्हतं. पण नापसंत निगेटिव्हला पंचने भोक पाडून ती कायमची बाद करणाराही हाच स्ट्रायकर!

प्रतिसाद २
अंगठ्याचं मला फारसं काही वाटत नाही. सलतं ते वेगळंच. लँग एरवी लोकांचं बोलणं वहीत टिपून घ्यायची, मग इथे या बाईचं नावसुद्धा का विचारलं नाही? १९६०मध्ये तिनेच हे लिहिलंय. कॅप्शनमध्ये वय ३२, सात मुलांची आई, एवढंच.

त्या दिवशीच्या बाकीच्या फ्रेम्स जरूर बघा. लांबून घेतलेल्या फ्रेममध्ये उघडा तंबू आहे, झुलत्या खुर्चीत बसलेली मोठी मुलगी आहे. दुसऱ्या एकीत ट्रंकेवर रिकामी पत्र्याची ताटली. लँग जवळ सरकत गेली तसं हे सगळं चौकटीबाहेर गेलं. उरली आई, कुशीतलं बाळ आणि पाठमोरी दोन मुलं. चित्र म्हणून ते जबरदस्त आहेच. पण ते कुटुंब कसं राहत होतं, हे मला त्या ताटलीवरून जास्त कळतं.

प्रश्नकर्ता
ताटली आता पाहिली. फोटो छापून आल्यावर त्यांना मदत मिळाली ना?

प्रतिसाद २
तळावर मिळाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या वर्तमानपत्रात फोटो आले आणि सरकारने २०,००० पौंड अन्न धाडलं. तोवर हे कुटुंब पुढे निघून गेलं होतं. काम सरकारी असल्यामुळे फोटोवर कॉपीराइट नाही, रॉयल्टी लँगलाही नाही. फोटोतल्या त्या बाई, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, १९७८मध्ये जगासमोर आल्या, तेव्हा त्यांनी सांगितलं की एक पैसाही मिळाला नाही, आणि लँगने कबूल केलेली फोटोची प्रतही कधी आली नाही. पैशांचं नियमांमुळे झालं असेल. प्रत पाठवायला कोणता नियम आड येत होता?