छोट्या बागेतली बहुवर्षायू झाडं: काय लावलं, कसं टिकलं, कुठे चुकतं

हंगामी फुलं दोन-तीन महिन्यांत आटोपतात. इथे लिहू या वर्षानुवर्षं राहणाऱ्या झाडांबद्दल, तेही गच्ची, बाल्कनी किंवा दारापुढच्या दहा बाय दहाच्या तुकड्यातल्या. गाव, उन्हाचे तास, कुंडी की जमीन हे आधी सांगा. नुसतं ‘खत घाला’ नको. कोणतं, किती, केव्हा ते हवं.

पुणे, पूर्वेची गच्ची, पाच-सहा तास ऊन
मोगऱ्याला फूल येतं नव्या फुटव्याच्या टोकाला, म्हणून छाटणी चुकली की बहर चुकला. डिसेंबरअखेर पाणी कमी करत जायचं. जानेवारीत वरची दोन इंच माती पूर्ण सुकल्याशिवाय पाणी नाही; मात्र कोवळी फांदी सुरकुतली तर ताण जास्त झाला. जानेवारीअखेरीस प्रत्येक फांदी निम्म्यावर छाटायची, उरलेली पानं हातानं खुडायची. वरची माती उकरून 14 इंची कुंडीला दोन मुठी जुनं शेणखत, एक मूठ निंबोळी पेंड, आणि मग भरपूर पाणी. एक बहर उतरला की फुललेलं टोक दोन पेरं खाली कापायचं, दुसरा बहर तिथूनच फुटतो. युरिया दिलात तर पानं माजतील, कळी दिसणार नाही. चार तासांपेक्षा कमी ऊन असेल तर मोगरा आणूच नका.

मातीचं माझं प्रमाण: चार भाग तांबडी माती, तीन शेणखत, दोन कोकोपीट, एक जाड वाळू. शेतातली काळी माती कुंडीत नको. उन्हाळ्यात ती आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते, पाणी त्या फटीतून थेट खाली जातं आणि मुळांचा गोळा आतून कोरडा राहतो.

नाशिक, बोअरचं पाणी
अनंताबद्दल. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की लोक शेणखत वाढवतात. तिथे उपयोग नाही, कारण कमतरता लोहाची आहे. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यानं माती चुनखडी होत जाते, मग मातीतलं लोह मुळांना उचलता येत नाही. दोन ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचा क्षार) एक लिटर पाण्यात विरघळवून 12 इंची कुंडीला तेवढं एक लिटर, दर तीन आठवड्यांनी, तीन वेळा. सुधारणा नव्या पानात दिसते, जुनं पान परत हिरवं होईल ही अपेक्षा नको. फरशीवर सांडू देऊ नका, तांबडा डाग जात नाही. चुलीची राख आणि अंड्याची टरफलं या झाडापासून लांब ठेवा. दोन्हींनी माती आणखी अल्कधर्मी होते. पावसाचं पाणी पिंपात साठवता आलं तर सगळ्यात आधी अनंताला द्या.

रत्नागिरी, जांभ्याची जमीन
आमच्याकडे हिराकस लागत नाही, माती मुळातच आंबट. इथला शत्रू पाऊस. जूनमध्ये घातलेलं खत जुलैत वाहून जातं, म्हणून मुख्य मात्रा ऑक्टोबरात द्या. कुंड्या विटांवर उचलून ठेवा, भोक जमिनीला टेकलं की पाणी तुंबतं. सोनचाफा घ्यायचा तर कलमीच. कलमाचा सांधा मातीच्या चार बोटं वर हवा, आणि सांध्याखालून आलेला प्रत्येक फुटवा कोवळा असतानाच काढायचा, नाहीतर ज्यावर कलम बांधलं तो खुंटच वाढत राहतो.

फोंडा, घराच्या आडोशाला, सकाळचं ऊन
कमी उन्हासाठी अबोली. वेणीत माळण्याजोगी फुलं आणि गुडघा-मांडीएवढी उंची, लहान बागेला यापेक्षा सोयीचं झाड मला माहीत नाही. भरपूर पाणी देऊनही झाड खुरटलं, पानं फिकी पडली तर उपटून मुळं पाहा. गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे जंत. ते झाड आणि ती माती दोन्ही काढून टाका, तिथेच लगेच नवी अबोली लावू नका. त्या जागी एक हंगाम झेंडू घ्या, लावताना खड्ड्यात निंबोळी पेंड मिसळा. सुकलेली कणसं कापत राहा. बी धरू दिलं की फुलं कमी होतात.

ठाणे, तिसरा मजला, ग्रिल
जास्वंदीवर कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. आधी मुंग्या बघा: त्या किडीचा गोड चिकटा खातात आणि तिची राखण करतात. मुंग्यांची वाट न तोडता फवारलं तर पंधरा दिवसांत कीड परत हजर. ओल्या फडक्यानं पुंजके पुसून काढा. एक लिटर कोमट पाण्यात दोन मिली द्रव साबण, त्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल घोटून संध्याकाळी पानांच्या मागून फवारा. दर सात दिवसांनी, तीन वेळा. दुपारी फवारलं तर पानं करपतात.

नागपूर
मे महिन्यात पाणी कमी पडण्याआधी मुळं भाजतात, हे लक्षात घ्या. काळ्या प्लास्टिकची कुंडी उन्हात फार तापते. बाहेरून चुना लावा किंवा मोठ्या मातीच्या कुंडीत बसवा. पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी, वर दोन इंच पालापाचोळा, पाणी पहाटे. बोगनवेल मात्र जाळीबाहेरच ठेवा. कण्हेर हे ऊन सोसते, पण तिचे सगळे भाग विषारी. लहान मुलं किंवा गुरं असतील तिथे ती लावू नका.

न्यू जर्सी
रात्रीचं तापमान 10 अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ लागलं की मोगरा घरात. आत आणण्याआधी पानांची मागची बाजू धुवा, हीटरच्या कोरड्या हवेत लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) झपाट्यानं वाढतात. इथल्या जमिनीत कायम राहणारी फुलं हवी असतील तर पिओनी. शरद ऋतूत लावताना कंदावरचे लाल डोळे मातीखाली पाच सेंटीमीटरपेक्षा खोल जाता कामा नयेत. खोल गेले तर पाला येतो, फूल येत नाही.

पुन्हा पुणे
कुंडीतली माती कधी बदलायची याचा नेम: ओतलेलं पाणी क्षणात खालून बाहेर आलं तर मुळांनी जागा व्यापली. साधारण दोन वर्षांनी, पहिला पाऊस स्थिरावला की झाड काढा, गोळ्याच्या कडेची इंचभर मुळं धारदार सुरीनं कापा, तेवढ्याच प्रमाणात फांद्याही. त्याच कुंडीत नव्या मातीसह लावून आठ दिवस सावलीत ठेवा. खत महिनाभर नको.