जुनी बबल कार घ्यायची आहे: इझेटा 250 की 300? (बजेट 12000 युरो)

न्युर्नबर्गकर
नमस्कार मंडळी. बीएमडब्ल्यू इझेटा घ्यायचं बरेच दिवस डोक्यात आहे. तीच ती, बुडबुड्यासारखी छोटी, पुढून फ्रिजसारखं दार उघडणारी. बजेट 12000 युरो, त्यापुढे गृहमंत्रालय मंजुरी देणार नाही. उन्हाळ्यात रविवारी दोघांनी फिरायचं, बाकी वर्षभर गॅरेजात. माझं मेकॅनिकचं ज्ञान स्कूटरचा प्लग साफ करण्यापुरतं. 250 सीसीची घ्यावी की 300? घेताना काय बघावं? आगाऊ धन्यवाद.

स्टुटगार्टचे_आजोबा
12000 मध्ये काय येतं हो? माझी मेसरश्मिट केआर200 (तीही तीन चाकी बबल कारच) मी घेतली तेव्हाच याहून महाग होती, आजचा भाव सांगत नाही. साक्स कंपनीचं 191 सीसी टू-स्ट्रोक इंजिन, माणसं एकामागे एक बसतात, काचेचं झाकण बाजूला उलटायचं. वेगळा रिव्हर्स गिअर नाही. इंजिन बंद करून उलट्या दिशेने चालू करायचं, म्हणजे मागे जायलाही चार गिअर! थोडं थांबा, पैसे साठवा आणि हीच घ्या.

कुर्ल्याचा_कार्ब्युरेटर
वाचतोय.

गंजशत्रू
आजोबा, बजेट वाचलंत का? असो. न्युर्नबर्गकर, 250 की 300 हा प्रश्न शेवटचा. दोन्हींचं इंजिन एकाच घराण्यातलं, बीएमडब्ल्यूच्याच मोटरसायकलवरून घेतलेलं. 12 आणि 13 अश्वशक्ती, वेग कसाबसा ताशी 85. आधी पत्रा बघा. पेडलखालचं मॅट उचला आणि फ्लोअरवर जाड स्क्रू-ड्रायव्हरने टोचा. दाराच्या खालच्या कडेला लोहचुंबक लावून बघा, चिकटला नाही तर तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. दार उघडून वर-खाली हलवा, बिजागरीत खेळ असेल तर लावताना दार घासणार. स्टिअरिंगही दाराबरोबर बाहेर येतं, त्याचा सांधा ढिला आहे का तेही बघा. मी ज्याच्याकडून घेतली त्याने 'पूर्ण रिस्टोअर्ड' म्हणून विकली आणि फ्लोअर म्हणजे रंग मारलेलं जाळं निघालं. त्याला फोन लावला तर म्हणतो, बघून घेतलीत ना?

इटलीचा_जावई
'बीएमडब्ल्यू इझेटा' हे नाव मूळ कंपनीने ऐकलं तर हसेल. इझेटा बीएमडब्ल्यूची नाहीच! रेन्झो रिवोल्ताची इसो कंपनी, जी आधी खरोखर फ्रिज बनवायची. गाडी 1953 ला आली. बीएमडब्ल्यूने नंतर परवाना आणि साचे विकत घेतले.

म्युनिकची_मीनल
जावईबापू, साचे घेतले पण इंजिन स्वतःचं टाकलं, आणि 1955 ते 1962 मध्ये 161728 गाड्या विकल्या. इसोला ते जमलं का? त्या वेळी बीएमडब्ल्यूच्या मोठ्या व्ही8 गाड्या तोट्यात होत्या. ही नसती तर 1959 पर्यंत कंपनी टिकली असती की नाही कोण जाणे, आणि 1959 ला तर मर्सिडीजवाली डायमलर-बेन्झ तिला गिळायलाच बसली होती.

इटलीचा_जावई
पण डोकं इटलीचंच.

टॅक्सवाली_ताई
कामाचं कोणीच बोलत नाही म्हणून लिहिते. जर्मनीत 30 वर्षांवरच्या गाडीला लोक डोळे झाकून एच प्लेट (ऐतिहासिक गाडीची नंबर प्लेट) घेतात. तिचा कर वर्षाला 191 युरो. साध्या नोंदणीत जुन्या पेट्रोल गाडीला दर 100 सीसीच्या टप्प्यामागे 25.36 युरो, अपुरा टप्पाही पूर्ण धरतात. इझेटा 250 असो वा 300, तीनच टप्पे, म्हणजे 76 युरो. शहरातल्या पर्यावरण झोनमध्ये (जिथे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना बंदी, पण एचला सूट) जायचं असेल तरच एच घ्या.

गंजशत्रू
+1 ताई. मी दोन वर्षं 191 भरतोय.

दिंगोल्फिंगचा_दिगू
इझेटाचं नाव मोठं म्हणून भाव मोठा. गोगोमोबिल टी250 बघा. हान्स ग्लास कंपनीची, 1955 पासून, चार चाकं, चार जागा, दारं बाजूला. दोघांऐवजी पोरंही मावतील. टू-स्ट्रोक आहे, बजाज स्कूटर चालवली असेल तर वासानेच डोळे पाणावतील. जाहिरातीची लिंक आहे माझ्याकडे.

स्टुटगार्टचे_आजोबा
गोगो म्हणजे तडजोड. मेसरश्मिट घ्या.

न्युर्नबर्गकर
सर्वांचे आभार. ताई, तुमचं गणित बायकोला दाखवलं, पहिल्यांदाच ती हसली. बजेटात एकच इझेटा सापडली आहे: इंग्लंडमधली, ब्रायटनला बनलेली, तीन चाकी, उजवीकडे स्टिअरिंग. फ्लोअर टोचून बघितला, घट्ट आहे. काय म्हणता?

म्युनिकची_मीनल
नको! जर्मन गाडीला मागे दोन चाकं असतात, जेमतेम अर्ध्या मीटर अंतरावर, पण दोन. वळणावर तो फरक कळतो. शिवाय ब्रायटनच्या उजव्या स्टिअरिंगमध्ये इंजिन आणि ड्रायव्हर एकाच बाजूला येतात, म्हणून तोल साधायला डाव्या बाजूला 27 किलोचं वजन टाकलंय.

गंजशत्रू
मीनलशी सहमत. इंग्लंडात त्या काळी मोटरसायकलच्या लायसन्सवर चालवता यावी म्हणून त्यातल्या काहींचा रिव्हर्स बंद केलेला असतो. नाक भिंतीला लावून पार्क केलीत की दार उघडणार नाही आणि गाडी मागेही जाणार नाही. मग कापडी छतातून बाहेर या. ते छत आपत्कालीन दार म्हणूनच दिलंय.

टॅक्सवाली_ताई
तिकडून आणणार असाल तर 30 वर्षांवरच्या मूळ अवस्थेतल्या गाडीला संग्राह्य वस्तू म्हणून 7 टक्के आयात कर लागतो, कागद नीट हवेत. आणि हेडलाइट डाव्या बाजूच्या रहदारीचे असतात, ट्युफवाला (गाडीची तांत्रिक तपासणी करणारा) ते बदलायला लावेल.

इटलीचा_जावई
ब्रायटनचा कारखाना जुन्या रेल्वे वर्कशॉपात होता, सुटे भाग रेल्वेनेच यायचे. इटलीत असलं काही नव्हतं.

न्युर्नबर्गकर
घेतली. तीन चाकी, उजवीकडचीच. 27 किलोचं वजन आहे, पण बायको डावीकडे बसणार म्हणून ते काढायचा विचार आहे (तिला हे सांगितलेलं नाही). रिव्हर्स चालू आहे, दोनदा तपासला. सांगलीत उजवीकडे बसूनच गाडी शिकलो, इथल्या डाव्या बाजूला आजतागायत मन रमलं नाही.

गंजशत्रू
वजन काढू नका!! एकटे चालवाल तेव्हा काय?

दिंगोल्फिंगचा_दिगू
मग ती गोगोची लिंक कोणाला हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आजोबा सोडून.