फोनवर मराठी कशाने लिहिता? कीबोर्डांचे अनुभव लिहा

पारिजात_आर
काल माळ्यावरची ट्रंक उतरवली तर बाबांचा टंकलेखनाचा दाखला निघाला. मराठी, मिनिटाला ४० शब्द. कचेरीत त्यांचा टाइपरायटर सुरू झाला की शेजारच्या टेबलावर बोलणं ऐकू यायचं नाही म्हणे. त्याच बाबांना आता फोनवर 'किती' लिहायचं असलं की ते आधी वेलांटी दाबतात, मग क. टाइपरायटरवर ह्रस्व वेलांटी आधीच मारायची असायची, हाताला तेच वळण. फोनवर ती वेलांटी ठिपक्यांच्या रिकाम्या गोलाला लटकते आणि बाबा फोन बाजूला ठेवून देतात. मला ते बघवत नाही. मी स्वतः जीबोर्डवर, म्हणजे गुगलच्या कीबोर्डवर, रोमनमधून मराठी करते. पण ज्या माणसाने आयुष्यभर देवनागरी बडवली त्याला इंग्रजी स्पेलिंगवरून मराठीकडे जायला लावणं बरोबर वाटत नाही. तुम्ही काय वापरता, घरातल्या मोठ्यांना काय जमलं, सगळं लिहा.

निमा
हस्तलेखन!! जीबोर्डमध्ये मराठी भाषा घेताना कळांच्या मांडण्या दिसतात ना, त्यातच हाताने लिहायचीही आहे. सासरे पाटीवर लिहावं तसं बोटाने लिहितात. जोडाक्षरंही ओळखतं. आता रोज पहाटे सगळ्या गोतावळ्याला स्वतः रचलेला अभंग येतो, उत्तर नाही दिलं की दुपारी फोन. कुकर झालाय, येते परत.

दे_मनोहर
वेलांटीचं कारण सांगतो. टाइपरायटर कागदावर दिसेल त्या क्रमाने छापतो, म्हणून वेलांटी आधी. युनिकोडमध्ये, म्हणजे फोन-संगणक अक्षरं साठवायला वापरतात त्या पद्धतीत, अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवतात, आधी क मग वेलांटी. बाबांचं काहीच चुकत नाहीये, त्यांना हे जरूर सांगा. संगणकावर रेमिंग्टन गेल नावाची मांडणी मिळते, तिथे त्यांना बऱ्याच कळा ओळखीच्या जागी सापडतील. मोठं काही लिहायचं असेल तर तिथे बसवा.

मी इन्स्क्रिप्टवाला. १९८६ची सरकारी मांडणी, मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. भारतीय लिप्यांना एकच मांडणी असल्यामुळे शेजारचे कन्नड साहेब त्यांचा क जिथे दाबायचे तिथेच माझा क. फोनवर इंडिक कीबोर्ड नावाचं मुक्त स्रोत (कोड सगळ्यांना खुला असलेलं) ॲप आहे, त्यात इन्स्क्रिप्ट मिळतं. कळा बारीक वाटतात, फोन आडवा धरा.

स्नेहल_एस
दाखला म्हटल्यावर सांगलीची इन्स्टिट्यूट आठवली. हाताकडे बघू नये म्हणून सर वर पुठ्ठा धरायचे. करंगळीने दाबायची अक्षरं तर हमखास पुसट उमटायची. तुमच्या बाबांनी कुठे केलं टायपिंग?

पारिजात_आर
कराडला, स्नेहलताई! त्यांचीही करंगळीचीच तक्रार :)

स्नेहल_एस
मग कार्बनचे हात साडीला पुसल्याबद्दल बोलणीही खाल्ली असतील कोणीतरी. चहा टाकते.

बंडूभाऊ_अमरावती
संत्र्याच्या बागेत हात मोकळे कुठं रायते? म्या बोलून लिहितो. २०१७ मधे गुगलचं मराठी बोलून लिहिणं आलं तवापासून. मजुरायचा हिशेब, व्यापाऱ्याले निरोप, पोराले शिव्या, सगळं तसंच. कोणी अस्सल वऱ्हाडी समजणारा कीबोर्ड बनवला त मले पयले सांगा.

ओवीची_आई
बाकीचं राहू द्या, मला कोणीतरी 'दुसऱ्या'तला तो र शिकवा. माझं दुसर्या होतं आणि आमच्या शाळेच्या ग्रुपवर मराठीच्या बाई आहेत.

दे_मनोहर
ओवीची आई, ऱ, मग हलन्त (पाय मोडायची खूण), मग य. ऱ म्हणजे खाली नुक्ता (ठिपका) असलेला र. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून इंग्रजी J ची कळ दाबली की येतो. एकदा जमलं की वाऱ्या, साऱ्या, पायऱ्या सगळं सुटतं.

ओवीची_आई
माझ्या कीबोर्डवर र दाबून धरला तर आला!!! दुसऱ्या दुसऱ्या दुसऱ्या. आभारी आहे काका.

कांचन_ह्यूस्टन
आईला पार्किन्सन्स आहे. ती पुण्यात, मी इथे, आणि तिला फोनवर बोलण्यापेक्षा लिहायला आवडतं. आधीच्या कीबोर्डवर बोट थरथरून एकाच्या जागी तीन अक्षरं पडायची आणि ती अर्धवट सोडून द्यायची. भावाने स्विफ्टकी नावाचा कीबोर्ड घातला. त्यात कीबोर्डची उंची वाढवता येते, कळा मोठ्या झाल्या. पुढचा शब्द वर सुचवला जातो, ती नुसतं बोट टेकवते. तिचेच शब्द शिकलाय तो आता, 'काळजी' लिहिलं की पुढे 'घे'. इंटेलने २०१४ मध्ये स्टीफन हॉकिंग यांच्यासाठी जी नवी यंत्रणा केली तिच्यातही शब्द सुचवायला स्विफ्टकीच होतं, हे आईला सांगितलं तर ती केवढी खूश झाली! अजून रोज रात्री तिचं एक लांब पत्र येतं.

निमा
कांचन, आईंना नमस्कार सांग गं. वाचून डोळे भरले.

अभय_जी
एक कळकळीची विनंती. आईवडिलांच्या फोनवर जाहिरातीत दिसलेला कुठलाही फुकट कीबोर्ड घालू नका. बाहेरचा कीबोर्ड सुरू करताना अँड्रॉइड स्वतःच सांगतं की हा पासवर्ड, कार्डाचे आकडे सगळं वाचू शकतो. तो इशारा न वाचता सगळे 'ठीक' दाबतात. आयफोन पासवर्डच्या चौकटीत आपोआप स्वतःचा कीबोर्ड आणतो, ही चांगली सोय आहे. मी हेलीबोर्ड नावाचा कीबोर्ड वापरतो. तो इंटरनेटची परवानगीच मागत नाही, त्यामुळे लिहिलेलं बाहेर पाठवायला त्याच्याकडे वाटच नाही. शब्दकोशाची फाइल वेगळी घालावी लागते, ती नसेल तर सूचना येत नाहीत आणि वेग कमी होतो. मला तो चालतो.

माई_रोहा
स्वरचक्र कीबोर्ड कोणीच कसा नाही लिहिला? आयआयटी मुंबईतलं. क, ख, ग, घ आपल्या वर्णमालेच्याच ओळीने. क वर बोट ठेवलं की भोवती चक्र, का कि की कु. बाराखडी! मी पहिलीच्या वर्गाला शिकवत आले, मला कोणाला काही विचारावं लागलं नाही. पारिजात, बाबांना हे दाखव. मात्रेचं आधी की नंतर हा प्रश्नच येत नाही, बोट कि कडे सरकवलं की झालं.

पारिजात_आर
माई, हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. आज संध्याकाळीच दाखवते.

ओवीची_आई
अभयदादा, हेलीबोर्ड कुठून घ्यायचा?

अभय_जी
एफ-ड्रॉइडवरून, ते मुक्त स्रोत ॲपांचं दुकान आहे. आधी ते घ्यावं लागेल. अडलात तर इथेच लिहा, ऑफिस सुटल्यावर एकेक पायरी सांगतो.